विश्लेषण : रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधणारे सॉलोमन बर्सन नोबेलला का मुकले?

रक्तातील इन्सुलिन किंवा थायरॉईडची तपासणी आज सहज होते. या चाचण्यांचा पाया अमेरिकी डॉक्टर सॉलोमन बर्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यॅलो यांनी घातला.

बर्सन कोण होते?

जन्म १९१८, न्यूयॉर्क. वैद्यकीय महाविद्यालयांनी २१ वेळा प्रवेश नाकारला, तरी १९४५ मध्ये ते डॉक्टर झाले. १९५० मध्ये ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात ते यॅलो यांच्यासोबत काम करू लागले.

इन्सुलिन मोजणे अवघड का होते?

एक मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ७० मिलिग्रॅम प्रथिने असतात. इन्सुलिन हे छोटे पेप्टाइड मात्र उपाशीपोटी मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असते. रासायनिक पद्धतींना ते सापडत नसे. उंदराच्या स्नायूने किती साखर शोषली यावरून अंदाज बांधला जाई, पण तो बेभरवशाचा होता.

नवी पद्धत कशी सापडली?

दोघांनी रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्सुलिन टोचले. पूर्वी इन्सुलिन घेतलेल्यांच्या रक्तात ते जास्त काळ टिकले, कारण प्रतिपिंडे त्याला धरून ठेवत होती. इतक्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे तज्ज्ञांना पटेना. शोधनिबंध नाकारला गेला. १९५६ मध्ये तो छापून आला, पण शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द वगळावा लागला.

चाचणी कशी चालते?

ठरावीक प्रतिपिंडे आणि ठरावीक किरणोत्सारी इन्सुलिन यांत रक्ताचा नमुना मिसळतात. नमुन्यातील इन्सुलिन प्रतिपिंडांवरील जागा अडवते. ते जितके जास्त, तितके किरणोत्सारी इन्सुलिन मोकळे राहते. किरणोत्सार मोजला की प्रमाण कळते. रेणू शोधण्याऐवजी त्याची स्पर्धा मोजायची, ही त्यातील युक्ती. १९६० पर्यंत ही ‘रेडिओइम्युनोअ‍ॅसे’ पद्धत सिद्ध झाली. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसते, हे तिनेच दाखवले. दोघांनी पेटंट घेतले नाही.

नोबेल का हुकले?

एप्रिल १९७२ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी बर्सन यांचे निधन झाले. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. १९७७ मध्ये याच कामासाठी ते यॅलो यांना मिळाले. त्यांनी आधीच प्रयोगशाळेला बर्सन यांचे नाव दिले होते, जेणेकरून तिथल्या प्रत्येक शोधनिबंधावर ते छापले जावे.