रसायनगुरु लीबिग

जर्मनींतील डार्मस्टाट शहरीं ता. १२ मे १८०३ रोजीं युस्टुस लीबिग याचा जन्म झाला. बापाचा धंदा रंग व औषधी द्रव्यें विकण्याचा. तीं तयार करण्याच्या कामीं हा लहानपणापासून हात लावी. शाळेंत मात्र पाठांतराच्या नांवानें पूज्य! मोठेपणीं रसायनशास्त्रज्ञ होणार, असें त्यानें सांगतांच सारा वर्ग हंसला. शाळा सुटली. औषधें करणाऱ्याच्या हाताखालीं ठेविला, तेथेंहि तो टिकला नाहीं.

पुढें बॉन व एर्लांगेन येथें त्यानें व्याख्यानें ऐकलीं; पण हें शास्त्र केवळ कानांनीं येत नाहीं. १८२२ सालीं तो पॅरिसला गेला. नामांकित शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळा त्या काळीं बहुधा खाजगी असत. हुंबोल्ट या थोर संशोधकाच्या शिफारशीमुळें गे-ल्युसाकच्या प्रयोगशाळेचें दार लीबिगला उघडलें. अशी शिफारस प्रत्येकाच्या नशिबीं कोठून असणार?

१८२४ सालीं, अवघ्या २१ व्या वर्षीं, तो गीसेन विद्यापीठांत प्राध्यापक झाला. प्रयोगशाळेसाठीं जागा मिळाली ती जुन्या बराकींतील पहाऱ्याच्या चौकीची! तेथें त्यानें विद्यार्थ्यांच्या हातीं काचनळी व तराजू दिलीं. प्रथम परिचित द्रव्यांची परीक्षा, मग अपरिचित मिश्रणांतील घटक ओळखणें, मग तोलून प्रमाण काढणें आणि शेवटीं स्वतंत्र संशोधन, असा क्रम असे. प्रत्येकानें सकाळीं आपल्या कामाचा वृत्तांत सांगावा, गुरूनें मत द्यावें. वाट मात्र ज्याची त्यानें शोधावी.

१८३१ सालीं त्यानें पांच फुग्यांची एक काचनळी योजिली. सेंद्रिय पदार्थ जाळला म्हणजे निघणारा कार्बन डायऑक्साइड वायु तींतील पोटॅशच्या द्रावणांत शोषला जाई. वजन किती वाढलें यावरून पदार्थांतील कार्बन कळे. पूर्वीं निष्णातांनाच साधणारें हें काम आतां विद्यार्थीहि करूं लागले.

लीबिगचा स्वभाव तापट व लेखणी तिखट होती. त्यानें केलेलें कृत्रिम खत पावसानें वाहून जाऊं नये म्हणून इतकें अविद्राव्य केलें होतें कीं, पिकांस तें लाभेना. ती चूक त्यानें पुढें स्वतः कबूल केली.

त्याचा शिष्य हॉफमन यानें १८४५ सालीं लंडन येथें हीच पद्धति नेली. तेथें शिकणाऱ्या पर्किन या १८ वर्षांच्या मुलास १८५६ सालीं जांभळा कृत्रिम रंग सांपडला. लीबिग ता. १८ एप्रिल १८७३ रोजीं म्यूनिक येथें वारला. गीसेनची त्याची प्रयोगशाळा १९२० सालीं संग्रहालय झाली.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगाच्या तासाला शेजाऱ्याच्या वहींतील उत्तर उतरून घेण्याचा मोह झाला, तर एवढें आठवा: ज्या दाराशीं पूर्वीं थोरांची शिफारस लागे, तें आपणांसाठीं उघडें आहे.