खान्देशच्या मुलांना गोष्टींची गोडी लावणारे साने गुरुजी

मुलांनी वाचावे, अशी प्रत्येक पालकाची इच्छा असते. परंतु त्यांना जवळ घेऊन मोठ्याने वाचून दाखविण्यास किती घरांत सवड मिळते? जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका तरुण शिक्षकाने मुलांना गोष्टी ऐकविणे हे आपले कामच मानले होते. ते शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे असले, तरी त्यांच्या बालपणी घरात दारिद्र्य आले होते. आई यशोदाबाईंच्या शिकवणुकीवर त्यांचा पिंड पोसला. १९१७ मध्ये आईचे निधन झाले, तेव्हा ते शिक्षणासाठी घरापासून दूर होते. तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तेथील शाळेत शिक्षक झाले. पुढे ही शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खान्देशातील अनेक घरांत अहिराणी किंवा लेवा बोली बोलली जाते. अशा घरातून आलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठी काहीशी परकी वाटणे स्वाभाविक असते. हे अंतर निव्वळ व्याकरण घोकून मिटत नाही. गोष्टीत रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द येतात. प्रसंगामुळे आणि सांगणाऱ्याच्या आवाजातील चढउतारांमुळे त्यांचा अर्थ मुलाला आपसूक उमगतो. पुढे तोच शब्द छापील पानावर भेटतो, तेव्हा तो ओळखीचा झालेला असतो.

गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आणि गोष्टी सांगत. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहीत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले. माया आधी, भाषा मागोमाग, असा तो क्रम होता.

१९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी सविनय कायदेभंगात उडी घेतली. तुरुंगातही हे व्रत सुटले नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी १८ रविवार गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी झरझर टिपून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ उभा राहिला. ऐकलेला शब्द किती मोलाचा असतो, हे त्यांनी येथेही दाखविले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. तिची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्यात प्रकरणे नाहीत, ४२ रात्री आहेत. सायंप्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि ते ऐकतात. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले.

गुरुजींनी परदेशी साहित्यही मराठी मुलांच्या ओंजळीत घातले. व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी 'दुःखी' झाली, तर जॉर्ज एलियटचा विणकर 'मनूबाबा' म्हणून घरोघरी पोहोचला.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे, यासाठी मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. मात्र भोवतालच्या परिस्थितीने व्यथित झालेल्या या हळव्या मनाने ११ जून १९५० रोजी स्वतःच जीवनयात्रा संपविली.

त्यांच्या मागे 'साने गुरुजी कथामाला' या उपक्रमाने गावोगावी मुलांना गोष्टी सांगण्याची परंपरा चालविली. घरात ती सुरू ठेवण्यास फारसे काही लागत नाही. 'श्यामची आई'तील एक रात्र एका बैठकीत वाचून होते. दूरचित्रवाणी बंद करून पालकांनी रोज एक रात्र मोठ्याने वाचली, तर दीड महिन्याच्या आत पुस्तक संपेल आणि मुलाच्या बोलण्यात आलेले नवे शब्द घरच्यांनाच ऐकू येतील.