डॉ. आनंदीबाई जोशी आणि पोटातल्या बाळाचे ठोके

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटलं की मुलांना एकच वाक्य पाठ असतं, भारतातील पहिल्या महिला डॉक्टर. सामान्यज्ञानाच्या पेपरला तेवढं पुरतं. पण ही मुलगी डॉक्टर व्हायला का निघाली, हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पूर्ण होत नाही, असं मला वाटतं.

३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी यमुनेची आनंदी केली आणि तिला शिकवायचंच असा हट्ट धरला. हट्ट चांगला होता, पण पद्धत कडक होती. अभ्यासावरून तिला मारही बसला. वर्गात सांगताना आपण हे बहुतेक वेळा गाळतो. मोठ्या मुलांना तरी सांगायला हरकत नाही, कारण एकच माणूस शिकवणाराही होता आणि मारणाराही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

त्या काळी बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून व्हायचं. डॉक्टर होते, पण ते पुरुष. बाई त्यांच्यासमोर यायला तयार नसायची आणि घरचेही येऊ द्यायचे नाहीत. आता एक गंमत बघा. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांपुढे हीच अडचण आली होती. हृदयाचा त्रास असलेल्या तरुण मुलीच्या छातीला कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला. ठोके स्वच्छ ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला! पुढे १८२१ मध्ये तिथल्याच केर्गाराडेक या डॉक्टरांनी ती नळी गर्भवतीच्या पोटावर ठेवली. त्यांना ऐकायचा होता गर्भजलाचा आवाज, पण ऐकू आली घड्याळासारखी भराभर टिकटिक. ते बाळाचं हृदय होतं.

म्हणजे आनंदीबाईंच्या बाळंतपणाच्या अर्धशतकाहून अधिक आधी ही विद्या जगात होती. आपल्याकडच्या बायांपर्यंत ती पोहोचायची तर नळी धरणारा हात बाईचाच हवा होता. १८८३ साली श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) कॉलेजात भाषण करताना आनंदीबाईंनी हेच कारण मांडलं. हिंदू बायकांसाठी बाई डॉक्टर पाहिजे, आणि ते शिकायला मी परदेशी जाते. तेव्हा त्यांचं वय अवघं अठराच्या आसपास होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं, त्यांच्याशी मावशीचं नातं जुळलं. फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिथली थंडी, शाकाहार, नऊवारी आणि वाढत जाणारा क्षय हे सगळं सांभाळत मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईने हा विषय घेतला, यावर वेगळं काही सांगायला नको.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. ती घेण्याइतकी ताकद उरली नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं.

त्यांच्यानंतर आठ वर्षांनी पिनार्ड यांचा लाकडी कर्णा आला. त्याच घाटाचं साधन उपकेंद्रातल्या जुन्या सिस्टरांच्या हातात कुणी पाहिलंही असेल. आता डॉप्लर असतो. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० पडतात, आपल्या जवळजवळ दुप्पट. पहिल्यांदा ऐकणारी आई घाबरते, पण ते नॉर्मल असतं.

मात्र ठोके ऐकू आले म्हणजे हृदयाची रचना बरोबर आहे, असं होत नाही. त्यासाठी १८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी लागते. तीत हृदयाचे चार कप्पे आणि मोठ्या रक्तवाहिन्या बघतात. शंका आली, आईला आधीपासून मधुमेह असला, आईवडिलांना किंवा आधीच्या मुलाला जन्मजात हृदयदोष असला, तर फीटल इको सांगतात. जन्मणाऱ्या सुमारे शंभर बाळांत एकाला असा दोष असतो. बरेच दोष किरकोळ असतात. पण गंभीर दोष आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. आमच्या वेळणेश्वरसारख्या गावातून ऐन वेळी, पावसाळ्यात, घाट ओलांडून मोठ्या हॉस्पिटलला नवजात बाळ नेणं वेगळं, आणि आईनेच आठवडाभर आधी तिथे जाऊन राहणं वेगळं. (या तपासणीत मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं कायद्याने गुन्हा आहे, हेही पालकांना सांगावं लागतं. अजून सांगावं लागतं.)

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा लवकर दमणारं, ओठ निळसर दिसणारं मूल आपण आवर्जून पुढे करतो. तीच नजर थोडी आधी, वर्गातल्या मुलाची आई पुन्हा गरोदर असेल तेव्हाही ठेवता येते. पालकभेटीत पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली का, एवढं बाईंनी बाईला विचारलं तर कुणी रागावत नाही. तारीख वगैरे आशाताई बघतात.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, मावशींच्या घराण्याच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.