वाटसरू वैद्य : डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराजवळच्या ब्लँटायर या गावी, सूतगिरणीच्या चाळीतील एका खोलीच्या घरात, १९ मार्च १८१३ रोजी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म झाला. घरच्या गरिबीमुळे दहाव्या वर्षीच डेव्हिड गिरणीत कामाला लागला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तुटलेले धागे जोडायचे आणि मग रात्रशाळेत जायचे, असा त्याचा दिनक्रम होता. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतील काही पैशांतून त्याने लॅटिनचे व्याकरण विकत घेतले. काम करताना तो यंत्रावर पुस्तक उघडे ठेवी आणि येता-जाता एकेक वाक्य वाची.

धर्मप्रसाराबरोबरच रुग्णसेवा करावी, असा निश्चय करून त्यांनी १८३६ मध्ये ग्लासगो येथे वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. हिवाळ्यात महाविद्यालय आणि उन्हाळ्यात गिरणी, अशा रीतीने त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. चीनला जाण्याची त्यांची इच्छा होती. परंतु अफूच्या युद्धामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत काम करणारे ज्येष्ठ मिशनरी रॉबर्ट मॉफट यांची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १८४० मध्ये वैद्यकाची सनद मिळताच ते आफ्रिकेला निघाले आणि ३१ जुलै १८४१ रोजी मॉफट यांच्या कुरुमान येथील केंद्रात पोहोचले.

तेथे त्यांनी प्रथम लोकांची त्स्वाना भाषा शिकून घेतली. औषधासाठी दूरदूरच्या खेड्यांतून लोक त्यांच्याकडे येऊ लागले. स्थानिक वैद्यांचा त्यांनी कधी अवमान केला नाही. एखाद्या रुग्णावर गावचा वैद्य उपचार करीत असेल, तर त्याच्या संमतीवाचून ते त्या रुग्णाला हात लावीत नसत. १८४४ मध्ये सिंहाने हल्ला करून त्यांच्या डाव्या दंडाचे हाड मोडले. मेबाल्वे नावाच्या आफ्रिकी सहकाऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना वाचवले. हात पुरता बरा झाला नाही, तरी त्यांचे काम थांबले नाही.

१८५३ मध्ये ते मध्य आफ्रिकेतील लिन्यांती येथून पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. तेथील राजा सेकेलेटू याने त्यांना सत्तावीस माणसे सोबत दिली होती. वाटेत हिवतापाने त्यांना वारंवार ग्रासले. क्विनाइनमध्ये रेचक औषधे मिसळून त्यांनी गोळ्या तयार केल्या आणि त्या स्वतः घेतल्या, सोबत्यांनाही दिल्या. लुआंडा बंदरात पोहोचले तेव्हा ते अतिशय खंगले होते. इंग्रजी जहाजातून मायदेशी परतण्याची संधी समोर होती. परंतु सोबतच्या माणसांना सुखरूप घरी पोहोचवण्याचे वचन दिलेले असल्याने ते पुन्हा अरण्याच्या वाटेला लागले. पुढे पूर्वेकडे जाताना नोव्हेंबर १८५५ मध्ये त्यांनी झांबेझी नदीवरील प्रचंड धबधबा पाहिला. तेथील लोक त्याला गर्जणारा धूर या अर्थाने मोसी-ओआ-तुन्या म्हणत. लिव्हिंग्स्टन यांनी त्याला राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले.

या कीर्तीची किंमत त्यांच्या कुटुंबाला मोजावी लागली. पत्नी मेरी मुलांसह अनेक वर्षे इंग्लंडमध्ये ओढगस्तीत राहिल्या. पुढे त्या झांबेझी मोहिमेत पतीला येऊन मिळाल्या. पण १८६२ मध्ये तापाने त्यांचे निधन झाले. अनेकांना बरे करणाऱ्या डॉक्टरांना आपल्या पत्नीला वाचवता आले नाही.

झांबेझीची मोहीमही अपयशी ठरली. आपली छोटी आगबोट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये, म्हणून १८६४ मध्ये त्यांनी ती स्वतः हाकारत हिंदी महासागर ओलांडला आणि मुंबई गाठली. त्या काळी नाशिकजवळच्या शरणपूर येथे गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांसाठी मिशनची शाळा होती. पुढच्या वर्षी अखेरच्या प्रवासाची तयारी करताना त्यांनी तेथील नऊ तरुण सोबत घेतले. सुसी आणि चुमा हे जुने सोबतीही होतेच.

१८६६ मध्ये सुरू झालेला हा प्रवास सर्वांत कठीण होता. नाईल नदीचा उगम शोधायचा आणि गुलामांच्या व्यापाराचे खरे रूप जगापुढे मांडायचे, असे दोन हेतू होते. पुढच्याच वर्षी औषधांची पेटी घेऊन एक हमाल पळाला. डॉक्टर औषधावाचून राहिले. आजारपणात आणि उपासमारीत त्यांना अन्नासाठी गुलामांच्या व्यापाऱ्यांचाच आधार घ्यावा लागला. ज्यांचा धंदा बंद पाडायचा, त्यांच्याच मदतीवर जगण्याची वेळ आली. जुलै १८७१ मध्ये न्यांग्वे येथील बाजारात या व्यापाऱ्यांच्या माणसांनी गोळीबार करून शेकडो स्त्री-पुरुषांचे बळी घेतले. तो प्रसंग लिव्हिंग्स्टन यांनी डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. त्याच वर्षाच्या अखेरीस पत्रकार स्टॅन्ली औषधे व अन्न घेऊन त्यांना भेटला. त्याने परत चलण्याचा आग्रह केला, पण लिव्हिंग्स्टन यांनी तो मानला नाही. त्यांची पत्रे मात्र स्टॅन्लीबरोबर इंग्लंडला गेली आणि तेथील जनमत हादरले.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी, लिव्हिंग्स्टन यांचा मृत्यू झाला. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइट याने प्रार्थना वाचली आणि झाडावर त्यांचे नाव कोरले. मग देह उन्हात वाळवून, सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली, त्या माणसांनी तो सुमारे नऊ महिने वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. लंडनमध्ये देहाची ओळख पटली ती सिंहाने मोडलेल्या दंडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबी येथे दफनविधी झाला, तेव्हा वेनराइट उपस्थित होता. सुसी आणि चुमा यांना मात्र तेथे वेळेवर पोहोचता आले नाही.

नाईलचा उगम लिव्हिंग्स्टन यांना सापडला नाही. त्यांनी शोधलेल्या वाटांनी पुढे युरोपीय साम्राज्यांनीही आफ्रिकेत पाय रोवले. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने, जून १८७३ मध्ये, झांझिबारच्या सुलतानाला गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार करावा लागला. तो घडवून आणणारे जॉन कर्क हे झांबेझीच्या मोहिमेतील त्यांचे सहकारी होते. लिव्हिंग्स्टन यांची रोजनिशी सोबत्यांनी देहाइतकीच जपून आणली होती. १८७४ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एका वैद्याने पाहिलेले आफ्रिकेचे दुःख त्या निष्ठावंत माणसांमुळेच जगापर्यंत पोहोचले.