कर्णबधिरांसाठी दार उघडणारे पाद्री

जन्मतः ऐकू न येणारे मूल बोलत नाही, तेव्हा त्याच्या स्वरयंत्रात बहुधा काहीच दोष नसतो. शब्द कानावर पडत नाहीत, म्हणून ओठांवर येत नाहीत. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये अशा मुलांना सर्रास बुद्धिहीन समजत. चर्चमध्ये अडचण आणखी वेगळी होती. श्रद्धा ऐकण्यातून येते, हा संत पौलांचा विचार अनेकजण शब्दशः घेत. मग ज्याला ऐकूच येत नाही, त्याला धर्मशिक्षण कसे द्यायचे?

शार्ल-मिशेल द लेपे यांचा जन्म १७१२ साली व्हर्सायचा. त्यांना पाद्री व्हायचे होते, पण त्यांची यान्सेनवादी मते वरिष्ठांना खटकत. दीक्षा लांबली, मध्ये कायद्याचा अभ्यास झाला आणि पाद्री झाल्यावरही पॅरिसमध्ये पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना नाकारला गेला. चर्चने असे कडेला ठेवलेल्या माणसानेच चर्चबाहेर राहिलेल्यांना आत घ्यावे, हा योगायोग विलक्षणच.

१७६० च्या सुमारास पॅरिसमधल्या एका घरी ते कामानिमित्त गेले. दोन बहिणी शिवणकाम करत होत्या. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना दोघींनी उत्तरच दिले नाही. आई आल्यावर कळले की दोघी बहिऱ्या आहेत. एक पाद्री त्यांना संतांची चित्रे दाखवून शिकवत असत, पण ते नुकतेच वारले होते. लेपेंनी ते काम अंगावर घेतले. चित्रातून चेहरा दिसतो, अर्थ कळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. शब्दाचा ध्वनी आणि अर्थ यांचे नाते निसर्गाने बांधलेले नाही. ते कानाने जुळते, तसे डोळ्यांनीही जुळू शकेल, असा त्यांचा तर्क होता. मेंदूला भाषा हवी असते, ती कोणत्या वाटेने येते हे दुय्यम. आजचे विज्ञानही हेच सांगते.

त्यांनी मुलांच्या खुणा शिकून घेतल्या आणि त्यांना फ्रेंच व्याकरण जोडले. भूतकाळासाठी हात खांद्यामागे टाकायचा, काळ जितका मागचा तितक्या जास्त वेळा! ही पद्धत अवजडच होती. मुले अवघड वाक्ये बिनचूक लिहीत, पण अर्थ कळेलच असे नाही. आपापसांत ती स्वतःच्याच खुणांनी बोलत. पियेर देलोज या कर्णबधिर पुस्तकबांधणी कारागिराने १७७९ साली पुस्तक लिहून, पॅरिसच्या बहिऱ्यांची भाषा आधीपासूनच होती, हे जगाला सांगितले. लेपेंनी ती भाषा निर्माण केली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

लेपेंचे मोठेपण निराळे. इतर शिक्षक आपली पद्धत गुप्त ठेवून श्रीमंतांकडून शुल्क घेत. लेपेंची शाळा स्वतःच्या घरी, स्वखर्चाने आणि विनामूल्य. मुख्य म्हणजे तिथे बरीच मुले एकत्र आली, आणि भाषा वाढायला सोबत लागतेच. वर्ग पाहायला कोणीही येई. १७७७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ येऊन गेला आणि पुढे व्हिएन्नातही शाळा निघाली.

डिसेंबर १७८९ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, लेपे वारले. १७९१ साली राष्ट्रीय सभेने शाळेची जबाबदारी घेतली. याच शाळेत शिकलेले कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर अमेरिकेत गेले आणि १८१७ साली हार्टफर्डची शाळा उभी राहिली. मात्र १८८० साली मिलानच्या परिषदेत बहुतांशी ऐकू येणाऱ्या शिक्षकांनीच शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. अनेक पिढ्यांची भाषा शिकण्याची कोवळी वर्षे ओठ वाचण्याच्या धडपडीत गेली. त्या ठरावाबद्दल अशाच परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हरला.