राष्ट्राध्यक्षांची दिवसाची झोप

विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांचा जन्म १८५७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात झाला. वडिलांप्रमाणे न्यायाधीश व्हावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा. पण फिलिपाइन्सचे गव्हर्नर, पुढे युद्धमंत्री अशा वाटेने ते राजकारणात आले आणि १९०९ मध्ये अमेरिकेचे २७ वे राष्ट्राध्यक्ष झाले.

अंगाने ते पहिल्यापासून धिप्पाड. १९०५ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरांकडून पत्राने आहाराचा सल्ला घेऊन त्यांनी पंचवीसेक किलो वजन उतरवले. पण ते पुन्हा चढले. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात काटा दीडशे किलोंच्या पुढे गेला.

याच काळात त्यांची झोप चर्चेचा विषय झाली. जेवणाच्या टेबलावर, पत्ते खेळताना, पाहुण्यांशी बोलता बोलता ते घोरू लागत. समारंभात त्यांचे लष्करी सहायक आर्ची बट मोठ्याने खोकून त्यांना जागे करत. लोक हसत, कोणी आळशी म्हणत. प्रत्यक्षात टाफ्ट कष्टाळू होते.

मग होत काय असावे? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मानेभोवती चरबी जास्त असेल तर श्वासमार्ग मिटतो, श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. रात्रीतून असे शेकडो वेळा होऊ शकते. माणसाला ते आठवत नाही; दिवसा मात्र डोळे मिटतात, रक्तदाब वाढतो. हाच ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’. टाफ्ट यांना तो असावा, असा निष्कर्ष डॉ. जॉन सोटोस यांनी जुन्या नोंदींवरून २००३ मध्ये मांडला.

१९१२ ची निवडणूक टाफ्ट हरले. पद सोडल्यावर त्यांनी नेटाने आहार सांभाळला आणि वर्षभरात सुमारे तीस किलो वजन कमी केले. रक्तदाब उतरला, दिवसाची झोपही सरली. १९२१ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. ही दोन्ही पदे भूषवणारे ते आजवरचे एकमेव अमेरिकी. १९३० मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वजन घटवण्यापलीकडचा उपाय त्यांच्या काळात नव्हता. असा एक उपाय आला १९८१ मध्ये. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावरच्या मास्कमधून सतत दाबाने हवा सोडली. या हवेच्या आधाराने घसा रात्रभर उघडा राहतो. तेच आजचे ‘सीपॅप’ यंत्र. ते रोग मुळापासून घालवत नाही. रोज रात्री लावले, तरच गुण येतो.

घरात कोणी जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर चेष्टा करू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने झोपेची तपासणी करून घ्या. अशा माणसाच्या हाती गाडीचे स्टिअरिंग असेल, तर ही डुलकी जिवावर बेतू शकते.