आवाज डोळ्यांना दाखवू पाहणारा शिक्षक

कानाच्या तपासणीच्या अहवालात ‘डेसिबल’ हा शब्द हमखास असतो. त्यातला ‘बेल’ म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल. जग त्यांना टेलिफोनमुळे ओळखते. ते स्वतःला मात्र आधी कर्णबधिरांचे शिक्षक मानत.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी एडिंबरा येथे झाला. आईला फार कमी ऐकू येई. तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलले की तिला कळते, हे मुलाने लहानपणीच हेरले होते. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. जीभ, ओठ आणि घसा यांची स्थिती दाखवणारी ‘दृश्य वाणी’ नावाची लिपी त्यांनी तयार केली होती. क्षयाने दोन्ही भाऊ गेले, तेव्हा उरलेला मुलगा तरी वाचावा म्हणून १८७० मध्ये कुटुंब कॅनडात गेले. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनमध्ये कर्णबधिर मुलांना शिकवू लागले.

या मुलांचा गळा आणि जीभ ठीक असते. पण आपला उच्चार कुठे चुकला, हे कानावर पडत नसल्याने त्यांना समजत नाही. आवाज डोळ्यांना दिसला तर? फ्रान्सच्या लिऑन स्कॉट यांचे ‘फोनॉटोग्राफ’ हे यंत्र आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याला काडी जोडून काजळीवर रेघ उमटवत असे. ते सुधारण्यासाठी बोस्टनचे कर्णतज्ज्ञ डॉ. क्लॅरेन्स ब्लेक यांनी सुचवले, की मृत माणसाचा खराच कान वापरावा.

१८७४ च्या उन्हाळ्यात बेल यांनी तो प्रयोग केला. कानाच्या हाडाला गवताची काडी चिकटवली, टोकाशी काजळी धरलेली काच ठेवली आणि कानात मोठ्याने बोलले. काचेवर नागमोडी रेघ उमटली. कानाचा पडदा कागदासारखा पातळ असतो. तरी तो त्याला जोडलेली तीन हाडे हलवतो आणि ती कंपने आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोहोचतात. एवढासा पडदा जर हाडे हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? या विचारातून टेलिफोनची वाट सापडली आणि ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळाले. ज्यांच्यासाठी धडपड सुरू झाली, त्या मुलांना मात्र टेलिफोनचा काहीच उपयोग नव्हता.

त्यांच्या पत्नी मेबल याही त्यांच्याच विद्यार्थिनी. पाचव्या वर्षी स्कार्लेट फीव्हरमुळे त्यांचे ऐकू येणे गेले होते. त्या ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत. मेबल यांना जमले ते सर्वांना जमावे, असा बेल यांचा आग्रह होता. स्वतः बोटांच्या लिपीत सफाईने बोलणाऱ्या बेल यांनी शाळांतल्या खुणांच्या भाषेला विरोध केला. १८८० मध्ये मिलानच्या शिक्षक परिषदेनेही तोच ठराव केला आणि कित्येक दशके अनेक शाळांत मुलांच्या हातांवर बंदी आली. ज्यांना उच्चार जमला नाही, ती मुले धड कोणत्याच भाषेशिवाय वाढली. कर्णबधिरांनी आपसांत लग्ने करू नयेत, असेही बेल यांनी १८८३ मध्ये मांडले. खरे तर बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्याच पोटी जन्मतात.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल वारले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर मुके ठेवण्यात आले.

आवाज दाखवण्याचे त्यांचे स्वप्न पुढे बेल यांचेच नाव असलेल्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात साकारले. तिथल्या स्पेक्ट्रोग्राफवर आवाजाचे चित्र उमटू लागले. आज अभियांत्रिकीचा विद्यार्थी ‘प्रात’ किंवा ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम घरबसल्या करतो. आडवा अक्ष वेळेचा, उभा कंपनसंख्येचा, आणि रंग जितका गडद तितका आवाज मोठा. ‘आ’ आणि ‘ई’ यांचे पट्टे वेगळे दिसतात. उच्चारोपचारात अशा चित्रांची मदत होते, पण तेवढ्यावर मूल भाषा शिकत नाही.

भाषेचा पाया पहिल्या काही वर्षांतच घातला जातो. म्हणून बाळाच्या कानांची तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी, शंका उरल्यास तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. श्रवणयंत्र असो, कॉक्लिअर इम्प्लांट असो वा खुणांची भाषा, मुलाला वेळेत एक पूर्ण भाषा मिळणे महत्त्वाचे. मिलानचा ठराव चुकीचा होता, हे शिक्षकांच्या जागतिक परिषदेने २०१० मध्ये मान्य केले. तोवर १३० वर्षे उलटली होती.